हंसांसाठी लिव्हर टॉनिक: बाटलीत काय आहे आणि यकृताला काय हवे असते

इंदूरमध्ये पशुखाद्याच्या किंवा कोंबड्यांच्या औषधांच्या कोणत्याही दुकानात लिव्हर टॉनिकची एक लिटरची बाटली मिळते. कंपन्या वेगळ्या, लेबले वेगळी, आतला माल साधारण एकच: ट्रायकोलिन सायट्रेट, मेथिओनिन, इनोसिटॉल, बी-१२, बायोटिन, कुठे व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम, कुठे भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा, माका यांचे अर्क, आणि हे सगळे सॉर्बिटॉलच्या गोड पाकात. बाटली बनते कोंबड्यांसाठी. पण महू, सिमरोल, देपालपूरकडच्या शेतघरांवर राखणीला पाळलेले हंस सुस्तावले, चार पावलांत धापा टाकू लागले, की दुकानदार हीच बाटली पुढे करतो. हे परीक्षण त्या वापरापुरते आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांना ती द्यावी की नाही, हा वेगळा हिशेब.

निकाल आधीच सांगतो. बाटलीतली द्रव्ये खोटी नाहीत, पण यकृतात चरबी साठून फुगलेल्या हंसासाठी त्यांची मात्रा फार तोकडी पडते, आणि ज्या बदलाचे श्रेय बाटलीला मिळते तो बहुतेक वेळा खुराक बदलल्यामुळे झालेला असतो. का, ते समजायला हंसाचे यकृत कसे चालते ते बघावे लागेल. ते सर्वांत जास्त कळले आहे एका क्रूर धंद्यामुळे: फ्वा ग्रा, म्हणजे हंसाला किंवा बदकाला नळीने बळजबरीने खाऊ घालून फुगवलेली कलेजी.

फ्रेंचमध्ये या भरवण्याला गावाज म्हणतात. पद्धत जुनी आहे. इजिप्तमधल्या सक्काराच्या थडग्यांत, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कोरीवकामात, माणसे हंसांच्या घशात गोळे कोंबताना दिसतात. रोमन लोक त्यासाठी अंजिरे वापरत. लॅटिनमध्ये अंजिराने पोसलेल्या यकृताला ‘फिकातुम’ म्हणत, आणि त्यातूनच यकृतासाठी इटालियन ‘फेगातो’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ हे शब्द आले. अवयवाचे नावच त्याला फुगवण्यावरून पडावे, इतका हा प्रकार रुळलेला होता. आजच्या पद्धतीत बदकांना सुमारे १२ ते १४ दिवस दिवसातून दोनदा भरवतात. हंसांना त्याहून थोडे जास्त दिवस आणि दिवसातून तीन-चार वेळा. माल मुख्यतः मका. बदकाच्या एका वेळच्या खाण्यात सुरुवातीला सुमारे १९० ग्रॅम कोरडा मका असतो, शेवटी शेवटी ४५० ग्रॅमपर्यंत जातो. हंसाचे ८०-१०० ग्रॅमचे यकृत या दोन-तीन आठवड्यांत ७०० ग्रॅम ते एक किलो होते. निरोगी यकृतात चरबी पाचेक टक्के असते, इथे ती निम्म्यावर जाते. युरोपीय संघाच्या नियमात फ्वा ग्रा म्हणून विकायला हंसाचे यकृत किमान ४०० ग्रॅम आणि बदकाचे ३०० ग्रॅम असावे लागते. रोगाची ही किमान पातळी म्हणजेच मालाची प्रत.

आता यामागचे यंत्र. सस्तन प्राण्यांत चरबी साठवण्याच्या ऊतीतही बनते, पक्ष्यांत मात्र जवळजवळ सगळे काम यकृताकडे असते. मक्यातला पिष्ट पदार्थ साखर होऊन यकृतात येतो आणि तिथे त्याची चरबी होते. ही चरबी तशीच रक्तात सोडता येत नाही. ती प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्या वेष्टणात बांधून पाठवावी लागते. छावणीच्या धान्यमंडईत हंगामात गाड्या लागल्या, पण बारदानच संपले, तर माल ओट्यावरच साचत जातो. यकृतात नेमके हेच घडते. आवक मक्याची, बारदान कोलिनचे (बाटलीतल्या ट्रायकोलिन सायट्रेटमधून मिळते तेच) आणि मेथिओनिन या प्रथिनातल्या घटकाचे. मक्यातून आवक प्रचंड येते आणि बारदान जवळजवळ येतच नाही, म्हणून पेशीपेशीत तेलाचे थेंब साठतात, पेशी फुगतात आणि त्यांच्या मधल्या बारीक रक्तवाटा चेपल्या जातात. यकृत मोठे दिसते, पण काम कमी करते.

लिव्हर टॉनिक नेमके हे बारदान पुरवण्याचा दावा करते. तत्त्व बरोबर आहे. प्रश्न किती पुरवते याचा.

हिशेब करून बघू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्याप्रमाणे चार आठवड्यांपुढच्या हंसाच्या एक किलो खाद्यात सुमारे १००० मिलिग्रॅम कोलिन हवे. चार-पाच किलोचा हंस दिवसाला २०० ग्रॅम खाद्य खातो असे धरले, तर गरज झाली २०० मिलिग्रॅम. नुसता मका दिला तर त्यातून १२० च्या आसपास मिळते. तूट ८० मिलिग्रॅम. आता बाटली. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी लेबलवर बहुधा १०० पक्ष्यांना २० मिली लिहिलेले असते, म्हणजे एका कोंबडीला ०.२ मिली. हंस वजनाने तिप्पट, म्हणून ०.६ मिली धरा. लेबलवर दर मिलीत ५० मिलिग्रॅम ट्रायकोलिन सायट्रेट असेल (तुमच्या बाटलीवरचा आकडा इथे घाला), तर ३० मिलिग्रॅम पोटात गेले. त्यात प्रत्यक्ष कोलिन साधारण ६२ टक्के, म्हणजे १९ मिलिग्रॅम. ऐंशीच्या तुटीला एकोणीस.

त्याच्या शेजारी सोया डीओसीची एक मूठ ठेवा. डीओसी म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनची पेंड; तीत किलोला सुमारे २८०० मिलिग्रॅम कोलिन असते. ५० ग्रॅम डीओसीत १४० मिलिग्रॅम. मेथिओनिनचेही तसेच: २०० ग्रॅम मक्यात जेवढे मिळते जवळजवळ तेवढे या ५० ग्रॅमात आहे. इंदूर म्हणजे सोयाबीनचे घर. देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथेच आहे आणि डीओसी खाद्याच्या प्रत्येक दुकानात पोत्याने मिळते. एका बाटलीच्या पैशात ती काही किलो येते. फक्त कच्चे सोयाबीन भरडून घालू नका. त्यात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या विकराला, अडवणारे घटक असतात आणि खाल्लेले प्रथिन पचत नाही. डीओसी कारखान्यात भाजून निघालेली असते. नीट भाजलेली डीओसी फिकट सोनेरी दिसते आणि खमंग लागते. पांढुरकी आणि कच्च्या शेंगेच्या चवीची असेल तर घेऊ नका, काळपट करपलेलीही नको.

आता बाटलीची खरी लबाडी कुठे दडते ते बघा, आणि ती कंपनीच्या मनात असेलच असे नाही. काही लेबलांवर महिनाभर देण्याचा सल्ला असतो. बळजबरीने भरवलेल्या पक्ष्यांवरच्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे: भरवणे थांबवले की यकृत साधारण चार आठवड्यांत पुन्हा मूळ आकारावर येते. कोणतेही औषध न देता. हंसाच्या यकृताची ही क्षमता विलक्षण आहे. स्थलांतर करणारे त्याचे रानटी भाऊबंद लांब उड्डाणाआधी चरबी साठवतात आणि वाटेत जाळतात, तीच घडण पाळीव हंसाच्या अंगात शिल्लक आहे. म्हणून दुकानदाराने बाटलीबरोबर “मका थोडा कमी करा” असे सांगितले आणि तुम्ही ते पाळले, तर महिन्याने हंस बरा दिसणारच. बाटली नसती तरी दिसला असता. टॉनिकची परीक्षा घ्यायचीच असेल तर हंसांचे दोन गट करा, दोघांना एकच बदललेला खुराक द्या, टॉनिक एकालाच द्या, आणि दर आठवड्याला वजन घ्या. दुसरा कुठलाही पुरावा मानू नका.

हंस बरा होऊ शकतो म्हणजे त्याला काही झालेच नव्हते, असा युक्तिवाद फ्वा ग्राचे उत्पादक करतात. तो मान्य करता येत नाही. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीच्या १९९८ च्या अहवालात भरवण्याच्या काळातली मरतूक २ ते ४ टक्के नोंदली आहे, त्याच वयाच्या न भरवलेल्या बदकांत ती ०.२ टक्क्याच्या आसपास असते. परत येण्याची वाट शिल्लक असणे आणि निरोगी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भारताने २०१४ मध्ये फ्वा ग्राची आयात बंद केली, ते योग्यच झाले.

अर्थात शेतघरावरच्या हंसाच्या पोटात किलोभराची कलेजी निघणार नाही. फ्रान्सच्या लँड भागातली हंसाची जात चरबी यकृतातच अडकवते. पोलंडच्या जातीला तसाच खुराक दिला तर तिची चरबी कातडीखाली आणि पोटात जास्त जाते. जातीजातीत इतका फरक आहे. आपल्याकडचे चोचीवर गाठ असलेले चिनी हंस आपणहून खातात, त्यांना कोणी नळी लावत नाही. पण दिवसभर कोंडून ठेवलेला, गवत न मिळालेला, सकाळ-संध्याकाळ मका आणि मधल्या वेळेत पाव, पोळ्या, उरलेले पोहे आणि शेव खाणारा हंस त्याच रस्त्याने हळूहळू जातो. पोहे आणि पाव म्हणजे मक्यासारखीच पिष्टाची आवक, बारदान शून्य. शेवेत तेल आणि मीठ वरून. प्रेमाने घातलेला हा घास सगळ्यांत महाग पडतो, कारण हंस तो कधीच नाकारत नाही.

एक चूक मात्र ताबडतोब थांबवायला हवी. असा हंस एक दिवस खाणे सोडतो. मग घरातले कोणी त्याची मान धरून मक्याच्या पिठाचे गोळे घशात सारते, “ताकद यावी” म्हणून. हेच गावाज. कोंबडीच्या गळ्याशी असते तशी खरी अन्नपिशवी हंसाला नसते, अन्ननलिकाच मधे थोडी रुंद झालेली असते आणि ती ताणली जाते. म्हणून गोळे आत जातात आणि माणसाला वाटते की ते त्याला चालते. पण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडे असते. हंस झटकला की पीठ फुप्फुसात जाते आणि दोन दिवसांत पक्षी हातचा जातो. कडक नळीने अन्ननलिका सोलते. आणि ज्या यकृतात आधीच जागा उरलेली नाही त्याच्यावर आणखी पिष्ट येऊन पडते. न खाणाऱ्या हंसाला नळीने काही द्यायचेच असेल तर ते पशुवैद्याच्या हाताने, पातळ आणि मोजून.

यकृताचा त्रास ओळखायचा कसा? पोट मागच्या बाजूला लोंबते आणि चालताना डुलते. छातीच्या हाडावर बोट फिरवले तर कड लागत नाही. कळपाच्या मागे राहतो, पळवले की चोच उघडी ठेवून श्वास घेतो. मादीची अंडी रिकामी निघतात. आणि विष्ठेतला पांढरा भाग हिरवा होतो. माणसासारखी पिवळी कावीळ पक्ष्यात शोधू नका. पित्तातले हिरवे रंगद्रव्य पिवळे करणारे विकर पक्ष्यांकडे नसते, म्हणून त्यांची कावीळ हिरवी असते. अर्थात भरपूर गवत खाणाऱ्या हंसाची विष्ठा हिरवीच असते. पाहायचा तो पांढरा भाग.

रक्ततपासणीत पैसे वाया जाण्याची जागाही सांगून ठेवतो. शहरातल्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ मागितली की एसजीपीटी या यकृतातल्या विकराचा आकडा हातात येतो. पक्ष्यांच्या यकृतासाठी तो आकडा निरुपयोगी आहे. एसजीओटी हा दुसऱ्या विकराचा आकडा पाहावा, पण तो स्नायू दुखावल्यानेही चढतो, आणि हंसाला पकडताना झटापट होतेच. म्हणून त्याच नमुन्यात सीके (स्नायूंतून रक्तात येणारे विकर) मागा. एसजीओटी चढलेला आणि सीके बेताचा असेल तर संशय यकृतावर; दोन्ही चढलेले असतील तर आधी स्नायूंकडे बघा. बाइल ॲसिडची तपासणी मिळाली तर ती सर्वांत उपयोगाची. नमुना पायाच्या आतल्या बाजूच्या किंवा पंखाखालच्या शिरेतून, आणि पक्षी शांत धरलेला असताना घ्यावा.

पक्षी मेलाच तर शवविच्छेदन चुकवू नका. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी जागा आपल्याला जवळ आहे, याचा इंदूरकरांनी पुरेसा उपयोग केलेला नाही. निरोगी यकृत तांबूस तपकिरी आणि धारदार कडांचे असते. चरबीचे यकृत पिवळट, कडा गोल, दाबले की तुटणारे. सुरीला तेल लागते आणि तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. कोंबड्यांत अशा यकृतावर रक्ताच्या गाठी दिसतात आणि भरात असलेली अंड्यावरची कोंबडी अचानक मरते. १९५० च्या दशकात अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली, आणि ही टॉनिके त्याच रोगासाठी विकली जातात. एक अपवाद: नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे यकृत पिवळेच असते, कारण बलकातली चरबी त्यात साठलेली असते. काही दिवसांत ती खर्च होते आणि रंग आपोआप उतरतो. त्या पिवळेपणाला घाबरून पहिल्या आठवड्यात टॉनिक ओतणे निव्वळ वाया. हंसाच्या पिल्लाला त्या वयात कोलिनची गरज मात्र मोठ्यापेक्षा दीडपट असते, आणि नायासिनची कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरीच जास्त, किलोला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य (स्टार्टर) आणि भरडलेला मका यांवर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात ते त्यामुळे. ही कमतरता टॉनिकने नाही, यीस्टने भरून निघते.

पिवळे यकृत दिसले म्हणजे दर वेळी चरबीच, असेही नाही. पावसाळ्यानंतर येणारा मका ओला असेल, १४ टक्क्यांहून जास्त ओल धरून पोत्यात भरला असेल, तर त्यावर बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखाच्या वर टर्की मेल्या, तेव्हा हे विष जगाला कळले. बदकांची पिल्ले त्याला इतकी नाजूक असतात की पुढे विषाची परीक्षाच त्यांच्यावर करत. हंसांनाही त्यापासून जपावे लागते. फरक ओळखायला वय बघा. चरबीने जड, मोठा, आळसावलेला पक्षी जातो. विषाने पिल्ले आधी जातात, तीही हडकलेली, आणि एकाच पोत्यावरची. इथे टॉनिक काहीही करत नाही. पोते बदला, वास घ्या, दाणे फोडून आतली हिरवट-काळी बुरशी बघा. लेबलवरच्या वनस्पतींच्या अर्कांबद्दल एवढेच म्हणतो की ज्या बाटलीवर अर्काचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये लिहिलेले नाही, फक्त वनस्पतींची नावे आहेत, तिचे जास्त पैसे देऊ नका.

हे सगळे वाचूनही बाटली वापरायची असेल तर पाण्यात टाकू नका. हंस पाणी पिण्यापेक्षा उडवतो जास्त, त्यात डोके बुडवतो, चोच धुतो. निम्मे औषध जमिनीवर जाते. शिवाय मे महिन्याच्या उन्हात गोड पाक काही तासांत आंबतो आणि भांड्याला बुळबुळीत थर धरतो. सकाळच्या ओल्या खाद्यात मोजून कालवा, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच द्या. ‘जास्त दिले तर लवकर फरक’ या समजुतीने मात्रा चौपट केली तर सॉर्बिटॉलमुळे जुलाब होतात. घेताना उत्पादनाची तारीख पाहा, तळाशी घट्ट साका बसलेली किंवा झाकण फुगलेली बाटली परत करा.

खरा उपचार खुराकाचा. मध्यम वजनाच्या हंसांसाठी दहा किलोचे मिश्रण असे: भरडलेला मका ५ किलो, गव्हाचा कोंडा ३ किलो, सोया डीओसी दीड किलो, उरलेल्या अर्ध्या किलोत खनिज मिश्रण, चुनखडीची पूड आणि ३० ग्रॅम मीठ. यात प्रथिने साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येतात, वाढलेल्या हंसाला तेवढी पुरतात. लठ्ठ हंसासाठी मका २ किलोवर आणा आणि कोंडा ६ किलो करा. पक्ष्यामागे दिवसाला ८०-१०० ग्रॅमच द्या, बाकी पोट गवताने भरू द्या. बरसीम किंवा लसूणघास बोटभर लांबीने कापून टाका, उन्हाळ्यात हरळीवर सोडा. हंस मुळात चरणारा प्राणी आहे. कुंपणाच्या आत चालायला जागा द्या. पण एकदम उपाशी ठेवू नका: खाणे अचानक तोडले की अंगावरची चरबी वितळून पुन्हा यकृताकडेच धाव घेते. दहा दिवसांत हळूहळू उतरवा. आठवड्याला एकदा, त्याच वेळी, पोत्यात घालून काट्यावर वजन घ्या. पाच किलोच्या हंसाचे आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅम उतरत असतील तर गती बरोबर आहे.